मिळेल त्या सेलवर चालणारी विजेरी: खिशातल्या नळीमागचे गणित

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूरच्या बाजारात ताडपत्रीच्या जोडीने हातबॅटऱ्या टांगलेल्या दिसू लागतात. यंदा त्यांतल्या काहींच्या खोक्यांवर "1.5 व्होल्ट आणि 3.7 व्होल्ट, दोन्ही सेल चालतात" असे वाक्य छापलेले आहे. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी ते मोठ्याने वाचले आणि दुकानदाराला विचारले, "दोन्ही म्हंजे कुठला कुठला? घड्याळातला घातला तर चालंल का?" दुकानदाराने हातातले काम न थांबवता उत्तर दिले, "मावशी, आत बसंल तो घाला की."

हे उत्तर सोयीचे असले तरी बरोबर नाही. एकाच मापाच्या नळीत सहज बसणाऱ्या दोन सेलांमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक असू शकतो. तो फरक पचवण्यासाठी विजेरीच्या आत काहीतरी केलेले असावे लागते. ते केलेले नसेल, तर सेल नुसता बसल्याने एक तर उजेड पडत नाही किंवा नको तेवढा पडतो. गेले वर्षभर माझा पुतण्या पदविकेच्या प्रकल्पासाठी अशीच एक खिशातली विजेरी बनवत होता. त्याच्या चुका जवळून पाहिल्यामुळे, आणि त्यांतल्या एकीचा चटका स्वतः सोसल्यामुळे, हे गणित सोप्या शब्दांत मांडावेसे वाटले.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे उजेड पाडते ती बॅटरी, तिच्या पोटात घालतो ती बॅटरी आणि ट्रॅक्टर चालू करायला लागते तीही बॅटरीच. या लेखापुरते उजेड देणाऱ्या वस्तूला विजेरी म्हणू आणि तिच्यात घालायच्या नळकांड्याला सेल म्हणू.

फूट आणि क्युसेक

व्होल्ट म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण दर जुलै-ऑगस्टमध्ये आपण दोन आकडे शेजारी शेजारी वाचतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट आहे, हा पहिला आकडा. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते. राधानगरीतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हा दुसरा आकडा. फूट ही उंची आहे आणि क्युसेक हा प्रवाह आहे, हे इथे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही.

विजेतही असेच दोन आकडे असतात. व्होल्ट म्हणजे विजेची पातळी, आणि अँपिअर म्हणजे विजेचा विसर्ग. दोहोंचा गुणाकार केला की काम करण्याचा वेग मिळतो, तो वॅटमध्ये मोजतात. तिसरा आकडा सेलच्या अंगावर छापलेला असतो, 2000 एमएएच अशासारखा. धरणात किती टीएमसी पाणी आहे, तसा तो साठ्याचा आकडा आहे. 2000 एमएएच म्हणजे 2 अँपिअरचा विसर्ग एक तास, किंवा 1 अँपिअरचा दोन तास. उपमा काटेकोर नाही, पण पुढचा सगळा लेख तिच्या आधाराने चालेल.

माप एक, स्वभाव निराळे

घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल साधारण 14.5 मिलिमीटर जाड आणि 50 मिलिमीटर लांब असतो. या एकाच मापात बाजारात निदान पाच स्वभावांचे सेल मिळतात, आणि कोणता सेल कोणत्या जातीचा, हे बहुतेकदा त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. "आर6" म्हणजे जुना, स्वस्त जस्त-कार्बन सेल. "एलआर6" म्हणजे अल्कलाइन. "एफआर6" म्हणजे पुन्हा चार्ज न होणारा लिथियम सेल, जो आपल्याकडे क्वचित दिसतो. या तिघांची छापील पातळी 1.5 व्होल्ट असते. "एचआर6" म्हणजे पुन्हा चार्ज होणारा निकेलचा सेल. त्याची पातळी 1.2 व्होल्ट. पाचवा "14500". या आकड्यात 14 म्हणजे जाडी, 50 म्हणजे लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळकांडे. हा मोबाइलमध्ये असतो त्याच लिथियम-आयन कुळातला सेल आहे. त्याची पातळी 3.7 व्होल्ट असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती 4.2 पर्यंत चढते.

छापलेला आकडा ही केवळ ओळख असते. नवा अल्कलाइन सेल मीटरवर 1.6 च्या आसपास दाखवतो आणि वापरता वापरता उतारावरून घसरावे तसा 1.3, 1.1, 0.9 असा खाली येत राहतो. निकेलचा सेल 1.4 पासून सुरू होतो, चटकन 1.25 च्या आसपास येतो आणि बराच वेळ तिथेच पठारावर चालावे तसा टिकून राहतो. मग मात्र कडा यावी तसा कोसळतो. म्हणजे "कोणताही सेल चालेल" असे वचन देणाऱ्या विजेरीला 0.9 पासून 4.2 व्होल्टपर्यंतची प्रत्येक पातळी सांभाळावी लागते.

एलईडी: राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा

जुन्या पितळी विजेरीतला तारेचा बल्ब स्वभावाने मऊ होता. पातळी उतरली की तो पिवळा पडे, आणखी उतरली की तांबूस होई, पण काही ना काही जळत राही. एलईडीला असा समजूतदारपणा नाही.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. जलाशय ठरावीक पातळीला पोचेपर्यंत ते बंद असतात, आणि ती पातळी आली की कोणी न सांगता उघडतात. पांढऱ्या एलईडीचेही तसेच आहे. साधारण अडीच व्होल्टपर्यंत तिच्यातून जवळजवळ काहीच जात नाही, 3 व्होल्टच्या आसपास ती लख्ख पेटते, आणि तिथून पुढे पातळी दोन-तीन दशांश व्होल्टनी जरी वाढली, तरी विसर्ग दुपटीच्या पुढे जातो. ही 3 व्होल्टची अट निळ्या रंगामुळे येते. पांढरी एलईडी मुळात निळी असते आणि तिच्यावर लावलेला पिवळसर लेप त्या निळ्यातला काही उजेड शोषून उरलेले रंग देतो. निळा प्रकाश लालपेक्षा जास्त ऊर्जेचा असतो, म्हणून लाल एलईडीचे दोन व्होल्टच्या आसपास भागते, तर निळीला तीन लागतात. ही निळी एलईडी साधायला संशोधकांची कित्येक वर्षे गेली, आणि त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

अडचण आता उघड आहे. घड्याळातला सेल 1.5 व्होल्टचा आणि दरवाजा 3 व्होल्टवर उघडणारा. सेल कितीही भरलेला असला, तरी पाणी दरवाजापर्यंत चढतच नाही.

यावर जुना तोडगा म्हणजे दोन किंवा तीन सेल एकावर एक ठेवून पातळ्यांची बेरीज करणे. खिशातल्या विजेरीसाठी तो मला पटत नाही. लांबी वाढते हे एक कारण. दुसरे कारण असे, की घरातल्या डब्यातून उचललेले दोन सेल कधीच सारख्या ताकदीचे नसतात. दमलेला सेल आधी रिकामा होतो, आणि ताजा सेल त्याच्यातून वीज रेटतच राहतो, त्यामुळे रिकाम्या सेलची पातळी शून्याच्याही खाली जाऊन उलटी होते. विजेऱ्यांमध्ये सेल फुटून वाहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. शिवाय दोन पेन्सिल सेलांच्या विजेरीत कोणी 14500 चे दोन सेल घातले, तर 3 व्होल्टच्या जागी 8.4 व्होल्ट उभे राहतात. म्हणून एकच सेल, आणि पातळी वाढवण्याचे काम विजेरीने करायचे.

खालचे पाणी वर कसे चढवायचे?

नळाची तोटी झटकन बंद केली, की भिंतीतल्या पाइपातून "ठक्" असा आवाज येतो. वाहते पाणी एकाएकी अडवले की त्याला थांबवत नाही. त्या ठोक्याच्या क्षणी पाइपातला दाब टाकीच्या उंचीने मिळणाऱ्या दाबापेक्षा कितीतरी वर जातो. आता त्या पाइपाला एक फाटा काढून वरच्या टाकीत नेला आणि फाट्याच्या तोंडाशी विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हसारखी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली, तर प्रत्येक ठोक्याला थोडे पाणी वर चढेल आणि परत येणार नाही. ही नुसती कल्पना नाही. गरम हवेच्या फुग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या माँगोल्फिए बंधूंपैकी जोसेफ याने 1796 मध्ये अशा तत्त्वावर आपोआप चालणारा पंप बनवला होता, आणि इंजिनाशिवाय पाणी उचलणारे तसे पंप डोंगराळ भागांत आजही वापरले जातात.

विजेरीतल्या बूस्टरचे, म्हणजे पातळी चढवणाऱ्या भागाचे, तत्त्व हेच आहे. पाइपाच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे, तोटीच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक स्विच, झडपेच्या जागी डायोड आणि वरच्या टाकीच्या जागी कपॅसिटर. स्विच चालू असताना वीज वेटोळ्यातून वाहते आणि वेग घेते. तोटीसारखा तो झटकन बंद झाला की वेटोळ्यातल्या प्रवाहाला थांबवत नाही, पातळी उसळते आणि डायोडमधून पलीकडे जाते. हा ठोका सेकंदाला काही लाख वेळा पडतो. त्यामुळे एलईडीला तो ठोका जाणवत नाही, सलग 3 व्होल्टच मिळतात. पुतण्याच्या सर्किटच्या पाटीवर हे चारही भाग मिळून एका रुपयाच्या नाण्यात मावत होते.

इथे हमखास विचारली जाणारी शंका अशी, की दीड व्होल्टचे तीन व्होल्ट झाले, म्हणजे ऊर्जा फुकट मिळाली का? तसे होत नाही. त्या पंपातही सगळे पाणी वर जात नाही. बरेचसे खाली वाहून जाते, तेव्हा थोडे वर चढते. बूस्टर पातळी दुप्पट करतो तेव्हा विसर्ग निम्म्याहून कमी होतो. निम्म्याहून कमी अशासाठी, की वेटोळे आणि डायोड आपला हिस्सा उष्णतेच्या रूपाने कापून घेतात. चांगल्या छोट्या बूस्टरमध्ये शंभरातले ऐंशीच्या आसपास पलीकडे पोचतात.

पोळलेला हात

बूस्टर जमला, घड्याळातल्या सेलवर उजेड पडला आणि पुतण्या खूश झाला. "काका, आता 3.7 चा सेल तर सोपाच की, त्याला चढवायची गरजच नाही," असे म्हणून त्याने 14500 सेल घातला. उजेड डोळे दिपवणारा पडला. मी कौतुकाने विजेरी हातात घेतली आणि मिनिटाभरात टेबलावर टाकली, कारण डोक्याकडचा भाग हातात धरवेना.

झाले ते असे. बूस्टर पाणी वर चढवू शकतो, पण मुळात वरूनच येणारे पाणी अडवू शकत नाही. सेलची पातळी 4.2 आणि दरवाजा 3 वर उघडणारा. मग स्विच चालो वा न चालो, वेटोळे आणि डायोड हा सरळ पाइप झाला आणि वीज बेबंद वाहत सुटली. एलईडीला मिळालेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णताच होतो, त्यामुळे विसर्ग अनेक पटींनी वाढला की आधी हात पोळतो आणि नंतर एलईडी जळते.

म्हणून पातळी उतरवण्याचीही सोय लागते. उसाला पाणी देणाऱ्याला त्याची रीत नव्याने शिकवायला नको. रात्रीची लाइट आली की तो दारे धरायला जातो. पाटाचे पाणी जास्त असेल तर दार थोडा वेळ उघडतो, थोडा वेळ लावतो आणि सरीत हवे तेवढेच पाणी सोडतो. विजेरीतला स्विच हेच दार सेकंदाला लाखो वेळा उघडतो आणि मिटतो, आणि वेटोळे व कपॅसिटर त्या हिसक्यांचा सरळ प्रवाह करतात. चढवणे आणि उतरवणे या दोन्ही गोष्टी करू शकणारी मांडणी आत असेल, तरच खोक्यावरच्या "दोन्ही चालतात" या वाक्याला अर्थ आहे. स्वस्त विजेऱ्यांमध्ये पुष्कळदा नुसता बूस्टर असतो. लिथियम सेल घातल्यावर त्या भलत्याच उजळतात, आणि विकणारा ते वैशिष्ट्य म्हणून सांगतो. ही ताकद नसून बेबंद विसर्ग आहे.

आत कोणता सेल आहे, हे विजेरीला कसे कळते?

माझ्या मते रचनाकाराची खरी परीक्षा इथे होते, कारण उजेड पाडण्यापेक्षा तो केव्हा बंद करायचा हे ठरवणे अवघड आहे. लिथियम-आयन सेल अडीच-तीन व्होल्टच्या खाली नेला तर आतून बिघडतो, आणि असा बिघडलेला सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. उलट अल्कलाइन सेल तर दीड व्होल्टपासूनच सुरू होतो आणि त्याला 0.9 पर्यंत पिळून काढायचे असते. एकाच्या मरणाची पातळी दुसऱ्याच्या जन्माच्याही वर आहे, मग नियम कोणता लावायचा?

सुदैवाने या दोन कुळांमध्ये मोकळी जागा आहे. दीड व्होल्टच्या कुळातला कोणताही धडधाकट सेल 1.8 च्या वर जात नाही, आणि लिथियम-आयन कुळातला कोणताही धडधाकट सेल अडीचच्या खाली नसतो. विजेरीतली छोटी चिप बटण दाबताक्षणी पातळी मोजते. ती 1.8 पर्यंत असेल तर पहिले कूळ, 2.5 च्या वर असेल तर दुसरे. दुसऱ्या कुळाला साधारण 2.8 वर उजेड कमी करत बंद करायचे, पहिल्याला 0.9 पर्यंत चालू द्यायचे. आणि पातळी 1.8 ते 2.5 च्या मध्ये सापडली, तर तो सेल अति उपसलेला लिथियम सेल आहे असे समजून विजेरीने पेटायलाच नकार द्यायचा. पुतण्याला हा नकार सुरुवातीला पटत नव्हता, कारण परीक्षकांसमोर विजेरी पेटली नाही तर गुण जातील अशी त्याला भीती होती.

अल्कलाइन आणि निकेल यांच्यात मात्र अशी मोकळी जागा नाही. अर्धा वापरलेला अल्कलाइन सेल आणि भरलेला निकेलचा सेल मीटरवर सारखेच दिसू शकतात, त्यामुळे त्यांच्यात भेद करण्याचा दावा कोणी केला तर सावध राहावे. एकाच सेलच्या विजेरीत याने फारसे बिघडत नाही, कारण रिकाम्या सेलमधून वीज रेटणारा शेजारीच नसतो.

आणखी एक बारकावा आहे. दमलेल्या सेलवरचे ओझे काढले, की तो थोडा सावरतो आणि त्याची पातळी वर येते. चिप भाबडी असेल तर "सेल संपला" म्हणून ती उजेड बंद करते, क्षणात पातळी वर आलेली पाहून पुन्हा लावते, पुन्हा बंद करते, आणि विजेरी लग्नातल्या माळेसारखी लुकलुकत बसते. म्हणून उतरताना पायरी उतरायची आणि पुन्हा वर चढायचे नाही, असा नियम तिला घालून द्यावा लागतो.

1.2 व्होल्टचा सेल कमजोर असतो का?

दुकानात पुष्कळ जण पुन्हा चार्ज होणारा सेल हातात घेऊन "याच्यावर 1.2 च लिहिलंय" म्हणत परत ठेवतात. विजेरीच्या बाबतीत हा समज जवळजवळ उलटा आहे, आणि तो आकड्यांनीच दाखवलेला बरा.

समजा, एलईडीला 1 वॅट द्यायचे आहेत. खोलीभर चांगला उजेड पडायला ते पुरेसे आहेत. बूस्टरची कापाकापी धरून सेलमधून सव्वा वॅट उपसावे लागतात. सेल 3.7 व्होल्टचा असेल तर त्यासाठी अँपिअरच्या एक तृतीयांश विसर्ग पुरतो. सेल 1.2 चा असेल तर अँपिअरभर लागतो. घड्याळाचा विसर्ग याच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून घड्याळात कोणताही सेल वर्षभर चालतो आणि तिथला अनुभव विजेरीला लागू पडत नाही.

प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा अडथळा असतो. अरुंद पाइपाने पाणी अडावे तसा. अल्कलाइन सेलमध्ये तो निकेलच्या कित्येक पट असतो. अँपिअरभर विसर्ग मागितला की अल्कलाइनची पातळी आतल्या आतच दोनएक दशांश व्होल्टनी बसते. इथे दुष्टचक्र सुरू होते: पातळी बसली तरी बूस्टरला सव्वा वॅट हवेच असतात, म्हणून तो विसर्ग वाढवतो, विसर्ग वाढला की पातळी आणखी बसते, मग तो आणखी मागतो. सावकाराचे देणे फेडायला दुसरे कर्ज काढावे, तशी ही अवस्था आहे. छापील 1.5 चा सेल अशा रीतीने 1.2 च्या खाली सहज उतरतो, आणि छापील 1.2 चा निकेल सेल जिथल्या तिथे उभा असतो. 2000 एमएएचचा निकेल सेल हा 1 वॅटचा उजेड पावणेदोन-दोन तास देईल. अल्कलाइन सेल कागदावर जास्त साठ्याचा असूनही त्याच्या मागे पडेल, आणि जस्त-कार्बनचा सेल तर काही मिनिटांतच माघार घेईल.

ज्याला उजेड मंद चालतो, त्याच्यासाठी चित्र पालटते. विजेरीला अगदी मंद पायरी दिलेली असेल, विसाव्या हिश्श्याएवढी, तर विसर्ग इतका थोडा लागतो की कुठलाही सेल कुरकुरत नाही. त्याच निकेल सेलवर तो उजेड तीसएक तास पुरतो. आणि आपल्या डोळ्यांना विसावा हिस्सा हा विसावा भासत नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना जिन्याच्या पायऱ्या, पाण्याचा माठ, औषधाची पट्टी हे सगळे त्यात दिसते. विजेरी विकत घेताना सर्वांत जास्त उजेड किती, हे सगळे विचारतात. सर्वांत कमी किती आणि तो किती तास, हे विचारणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

उद्यमनगरातली नळी

विजेचे गणित सुटले तरी सेल नीट बसायला हवा. पुतण्याने नळी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या बारमधून काढून घेतली. लेथवरच्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "बोअर किती ठेवू?" बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. 14.5 सांगितले असते तर एखादा सेल आत गेल्यावर बाहेर येईना, कारण सेलवरचे वेष्टन कधी जाड असते. 15 ठेवले. लांबीचा प्रश्न त्याहून अवघड होता. 14500 सेलच्या टोकाला संरक्षणाची छोटी चकती जोडलेली असेल, तर तो दोन-तीन मिलिमीटर लांब होतो; रिमोटमधला बारीक सेल 10.5 जाड आणि 44.5 लांब, म्हणजे सहा मिलिमीटर आखूड. हा आठ-नऊ मिलिमीटरचा फरक एकट्या स्प्रिंगने भरून काढायचा. बारीक सेल आत खुळखुळू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची बाही लागते. ती पुतण्याने जुन्या पेनाच्या नळीतून कापली.

स्प्रिंग लोखंडी घेतली तर अँपिअरभर विजेला तिथेही अडथळा होतो, म्हणून तिच्या आतून तांब्याची लवचीक वेणी जोडली. नळीला काळा रंग चढवताना दुसरी फजिती झाली. ॲल्युमिनियमवर चढवलेला तो ॲनोडाइजचा थर वीज अडवतो, आणि अशा विजेरीत परतीची वीज नळीच्याच अंगातून आट्यांवाटे डोक्याकडे जाते. थर आट्यांवरही चढला, विजेरी मुकी झाली. मिस्त्रींनी नळीचे टोक आणि आटे पुन्हा घासून उघडे पाडले, तेव्हा ती बोलती झाली.

सेल उलटा घातला तर काय? अंधारात हे होणारच. त्यावर सोपा उपाय म्हणजे पुढच्या टोकाच्या खिळ्याभोवती प्लॅस्टिकचे उंच कडे ठेवणे. सेलचे टोचदार अधिक टोक त्यात शिरून खिळ्याला भिडते, सपाट उणे टोक कड्यावरच अडते.

मोबाइलचा उजेड असताना हा खटाटोप कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि पाच मिनिटांच्या लाइट जाण्याला मोबाइल पुरेसाही आहे. पण 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराच्या आणि जिल्ह्याच्या काही भागांत वीज दिवसच्या दिवस नव्हती, तेव्हा मोबाइलचा प्रत्येक टक्का फोनसाठी राखावा लागला. यूएसबीवर चार्ज होणारी, सेल न बदलता येणारी विजेरीही तिथेच अडते. ती संपली की वीज येईपर्यंत संपली. सेल बदलता येणाऱ्या विजेरीला घरातले घड्याळ, रिमोट, मुलांची खेळणी, सगळे राखीव साठे होतात.

लिथियम सेलाचा धोका नाही का, असेही विचारले जाते. आहे, आणि तो जपून वापरण्यानेच आटोक्यात राहतो. 14500 सेल त्याच्याच चार्जरवर चार्ज करावा, निकेलच्या चार्जरवर कधीही नाही. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो सेल घरात इतरांच्या हाती लागून रिमोटात किंवा घड्याळात जाऊ नये, कारण त्या यंत्रांना 4.2 व्होल्ट झेपत नाहीत. मी त्याच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवतो. अलीकडे 1.5 व्होल्टचे, अंगावरच चार्जिंगचे छिद्र असलेले लिथियम सेलही मिळतात. त्यांच्या आत पातळी उतरवणारी छोटी चिप असते, म्हणून ते रिमोटात चालतात. पण ते शेवटपर्यंत दीड व्होल्टच दाखवतात आणि मग एकाएकी शून्य, त्यामुळे विजेरी मंद होऊन इशारा देत नाही.

ठेवण्याबद्दल एक सूचना. विजेरीत अल्कलाइन किंवा जस्त-कार्बनचा सेल घालून ती वर्षभर कपाटात ठेवू नये. जस्त-कार्बन सेलचे बाहेरचे भांडेच जस्ताचे असते आणि वापरात तेच झिजून भोक पडते. अल्कलाइनमध्ये वायूचा दाब वाढून क्षार बाहेर येतो आणि पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. ती हाताला लागू न देता व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या बोळ्याने पुसावी. सेल विजेरीच्या शेजारी ठेवावा, पोटात नको. निकेलच्या सेलांत आता पडून राहिल्याने कमी उतरणारे प्रकार मिळतात, ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा साठा टिकवतात.

पुतण्याच्या विजेरीची शेवटची चाचणी आम्ही घरीच घेतली. लाल पट्टीचा 14500, निकेलचा सेल, रिमोटमधला बारीक सेल, असे एकेक घालून झाले. मग वहिनींनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे घड्याळ खाली उतरवून त्यातला जस्त-कार्बनचा सेल काढून दिला. मीटरवर तो 1.12 भरला. पूर्ण उजेडाच्या पायरीवर विजेरी दोनदा चाचरली आणि स्वतःहून मंद पायरीवर उतरली. ती तशीच ओट्यावर ठेवून आम्ही जेवायला बसलो. मागचे आवरून झाल्यावर वहिनींनी वेळ पाहायला भिंतीकडे मान वळवली. घड्याळ ओट्यावर उताणे पडलेले होते, काटे आठ वाजून दहा मिनिटांवर, आणि त्याच्या काचेवर विजेरीचा उजेड अजून पडत होता.